संगणक आला, खतावणी गेली नाही

'डिजिटल परिवर्तन' हा शब्दप्रयोग आता मोठ्या उद्योगसमूहांच्या सभांतून उतरून तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालापर्यंत येऊन पोहोचला आहे. संगणकांवर आणि सॉफ्टवेअरवर झालेल्या खर्चाचा आकडा अहवालात ठळकपणे छापलेला असतो. त्या खर्चामुळे संस्थेतील कोणते काम कायमचे बंद झाले, याचा उल्लेख मात्र सहसा आढळत नाही. वस्तुतः सभासदांनी विचारावयाचा प्रश्न हाच आहे.

मी ज्या एका पतसंस्थेचा सभासद आहे तेथे काही वर्षांपूर्वी नवी प्रणाली बसविण्यात आली. पुढच्याच महिन्यात कर्जाचा हप्ता भरावयास गेलो, तेव्हा काउंटरवरील लिपिकाने ती रक्कम प्रथम संगणकात नोंदविली, छापील पावती काढली आणि मग तीच रक्कम जाड खतावणीत हाताने उतरवून घेतली. कारण विचारता ते म्हणाले, "सर, मॅनेजरसाहेबांना स्क्रीनवर लागते आणि ऑडिटरना वही लागते. चूक कशातही निघाली तरी ती माझीच." संस्थेने पैसे खर्चून काम दुप्पट केले होते आणि जबाबदारी मात्र पूर्वी होती तेथेच, म्हणजे सर्वांत खालच्या खुर्चीवर, ठेवली होती. आम्हां शिक्षकांनाही हे नवे नाही. विद्यार्थ्यांची हजेरी कागदावर, संगणकावर आणि पुन्हा छापून फाइलमध्ये, अशी तीनदा भरण्याचा अनुभव पुष्कळांच्या गाठीशी असेल.

अर्थशास्त्रात हा विषय जुना आहे. रॉबर्ट सोलो यांना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी असे निरीक्षण नोंदविले की, संगणकाचे युग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत ते दिसत नाही. तीन वर्षांनी पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने या कोड्याचे उत्तर विजेच्या इतिहासात शोधले. एडिसनचे वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झाले. तरी १९०० च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांतील यंत्रे चालविणाऱ्या शक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा पाच टक्क्यांच्या आतबाहेरच होता, आणि तो निम्म्यावर जाण्यास १९२० साल उजाडावे लागले.

असे का व्हावे? वाफेच्या काळात कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. त्याने फिरणारा लांब दांडा छताखालून जाई आणि त्या दांड्यावरून पट्ट्यांनी एकेक यंत्र फिरे. शक्ती दूर नेताना वाया जाते, म्हणून यंत्रे दांड्याजवळ दाटीने मांडलेली आणि इमारती मजल्यावर मजले चढविलेल्या. मुंबईच्या गिरणगावातील जुन्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. वीज आल्यावर पुष्कळ मालकांनी इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसविली आणि दांडे व पट्टे होते तसेच ठेवले. बचत झाली, पण थोडी. प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटार लावता येते. मग यंत्रे दांड्याच्या सोयीने न मांडता कामाच्या क्रमाने मांडता येतात, एकमजली हवेशीर शेड पुरते आणि एक पट्टा तुटला म्हणून सारा विभाग थांबत नाही. हे उमगून त्याप्रमाणे नवे कारखाने उभे राहण्यात एक पिढी गेली. यात केवळ मालकांच्या मंदबुद्धीचा दोष नव्हता. जुन्या इमारतींत त्यांचे भांडवल अडकलेले होते.

आपल्याकडील बँकांचा इतिहास याच वळणाने गेला आहे. साठीच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठे आंदोलन केले होते. बँकांत संगणक आला तो कर्मचारी संघटनांशी १९८३ साली झालेल्या करारानंतर, आणि तोही दबकत. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये शाखांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. प्रारंभी शाखांतून 'लेजर पोस्टिंग मशीन' आली. नावच बोलके आहे. खतावणी कायम राहिली, तीत लिहिणारा हात तेवढा बदलला. पुढे संपूर्ण शाखा संगणकीकृत होऊ लागल्या. १९९८ मध्ये तर केंद्रीय दक्षता आयोगाने, बँकांनी आपला सत्तर टक्के व्यवसाय २००१ च्या प्रारंभापर्यंत संगणकावर आणावा, असा आदेशच काढला. (हा आदेश दक्षता आयोगाकडून यावा, यातच हाताने लिहिलेल्या वह्यांआड काय काय दडत असे याची कल्पना येते.) एवढे होऊनही प्रत्येक शाखा हे एक बेटच होते. दादरच्या शाखेतील खातेदार नागपूरच्या शाखेत परका ठरे, आणि दोन शाखांमधील नोंदींचा ताळमेळ महिनोन्महिने रेंगाळे. इंजिनाच्या जागी मोटार आली होती. दांडे आणि पट्टे जुनेच होते.

खरा बदल झाला तो कोअर बँकिंगने. स्टेट बँकेने २००३ च्या सुमारास हे काम हाती घेतले आणि २००८ पर्यंत आपल्या सुमारे दहा हजार शाखा एका प्रणालीत आणल्या. खाते शाखेचे न राहता बँकेचे झाले. व्याजाची आकारणी, धनादेशांची कामे, कर्जप्रकरणांची छाननी हळूहळू शाखेबाहेर गेली. शाखाधिकाऱ्याचा अधिकार कमी झाला आणि तो कमी होऊ देण्याची वरिष्ठांची तयारी होती, ही या यशातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. नोकरदार खातेदाराला याचा एक लाभ झाला, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. पूर्वी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळे. पगार जमा होऊन वीस तारखेपर्यंत संपला, की पहिल्या वीस दिवसांच्या शिलकीवरील व्याज बुडाले. हाताने दररोजचे व्याज काढणे अशक्यप्राय होते. संगणक होते म्हणूनच रिझर्व्ह बँकेला १ एप्रिल २०१० पासून दररोजच्या शिलकीवर व्याज देण्याचे बंधन बँकांवर घालता आले.

या हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले आणि लिपिकांची भरती पुढे बराच काळ आटली. तरीही जे घडले ते बहुतांशी लेखी करार करून घडले. कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करण्यात वर्षे गेली, म्हणून त्यावेळी संघटनांना पुष्कळ दूषणे देण्यात आली. आज मागे वळून पाहता मला ती वर्षे वाया गेली असे वाटत नाही. ज्याला यंत्र चालवावयाचे आहे त्याला त्याच्या नफ्यातोट्यात आपले स्थान काय, हे ठाऊक नसेल, तर तो यंत्राशेजारी आपली वही गुपचूप चालूच ठेवतो. आमच्या पतसंस्थेतील लिपिक दुसरे काय करीत होते?

वही ठेवू न देणे म्हणजे परिवर्तन, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ च्या सुमारास 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली आपल्या पोस्टांत बसविली. तीत दोष होते. पडद्यावर तूट दिसे, गल्ल्यात मात्र ती झालेली नसे. उपपोस्टमास्तर तक्रार करीत, तेव्हा अशी अडचण फक्त तुम्हालाच येते, असे त्यांतील अनेकांना सांगण्यात आले. स्वतःचा हिशेब पडताळून पाहण्याचे साधन त्यांच्या हाती उरले नव्हते. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असल्या आरोपांखाली शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, कित्येक देशोधडीला लागले. ५५५ जणांनी एकत्र येऊन लढलेल्या खटल्यात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रणाली सदोष असल्याचे मान्य केले, आणि बहुसंख्य शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. यंत्र खरे आणि माणूस खोटा, या गृहीतकाची किंमत एका प्रगत देशातील साध्या दुकानदारांनी वीस वर्षे मोजली.

हे सारे आज आठवण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकाने जोडण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या संस्था म्हणजे आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्या. पीककर्जाचा पैसा राज्य बँकेकडून जिल्हा बँकेकडे, तेथून सोसायटीकडे आणि मग शेतकऱ्याकडे येतो. प्रत्येक पायरीवर वेगळी वही. सोसायटीने जिल्हा बँकेला द्यावयाची रक्कम आणि सभासदांकडून सोसायटीला येणे असलेली रक्कम यांत पडणाऱ्या खड्ड्याला आपल्या सहकार खात्याच्या भाषेत 'अनिष्ट तफावत' म्हणतात. वर्षानुवर्षांचे व्याज, अर्धवट वसुली, कर्जमाफीच्या उशिरा झालेल्या नोंदी, आणि कोठे कोठे सरळ अपहार, अशा अनेक गोष्टी तीत मिसळलेल्या असतात.

नव्या प्रणालीत पहिली नोंद असते ती आरंभीच्या शिलकीची. जुन्या वहीतील आकडा तीत जसाच्या तसा उतरविला, तर ती तफावत संगणकाच्या शिक्क्यानिशी पक्की होईल. तो तपासावयाचा, तर सभासदाला समोर बसवून एकेक खाते वाचून दाखवावे लागेल. हे काम शेवटी येणार गटसचिवावर, ज्याच्याकडे अनेक ठिकाणी एकाहून अधिक गावांच्या संस्था असतात आणि ज्याच्या वेतनाचा प्रश्न जुनाच आहे. या कामासाठी त्याला वेळ, मदतनीस आणि आपले म्हणणे लेखी नोंदविण्याचा अधिकार द्यावयास हवा. नाहीतर पडद्यावर दिसणारी प्रत्येक तूट उद्या त्याच्याच नावावर लागेल. सॉफ्टवेअर पुरविणारी कंपनी त्यासाठी गावात येणार नाही, आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराने ते भागणारही नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत या संस्थांच्या वार्षिक सभा व्हावयाच्या असतात. अहवालात संगणकावरील खर्च असेलच. त्याच्या शेजारी दोन गोष्टी सभासदांनी मागून घ्याव्यात: जुन्या वहीतील आणि नव्या प्रणालीतील अनिष्ट तफावतीचे आकडे, आणि या वर्षात बंद झालेल्या वह्यांची यादी.