चित्र वाचताना

मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या 1963 सालच्या पुस्तकातलं पहिलं चित्र आकाराने बेताचंच आहे. लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स भिंतीत खिळा ठोकतोय आणि चित्राच्या चारही बाजूंना रुंद, कोरा समास. पुढच्या चित्रात समास थोडा कमी होतो, त्यापुढच्यात आणखी. उपाशीपोटी खोलीत पाठवलेल्या मॅक्सच्या भोवती झाडं उगवू लागतात आणि जंगल भरात येईपर्यंत चित्राने अख्खं पान व्यापलेलं असतं. मग ते शेजारच्या पानावर पाय पसरतं. शेवटी मॅक्स आणि ते अक्राळविक्राळ प्राणी धुडगूस घालतात, तिथे सलग तीन जोडपानं नुसती चित्रं आहेत. एक शब्द नाही.

पोराचा राग किती वाढला, हे सेंडाक शब्दांत सांगत नाहीत. ते मापातून दाखवतात. परतीच्या वाटेवर चित्र पुन्हा एका पानात मावतं, पण पहिली ती अरुंद चौकट काही परत येत नाही. मॅक्स घरी पोचतो तेव्हा त्याची खोली पानाच्या कडेपर्यंत पसरलेली असते. तीच खोली, तोच पलंग. बदललाय तो मुलगा. हे चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. त्याला ते दिसतं.

आणखी एक गोष्ट पाहा. दुसऱ्या चित्रात मॅक्स काटा उगारून कुत्र्यामागे धावतो आणि त्याच्या मागे भिंतीवर एका राक्षसाचं चित्र लावलेलं आहे, खाली मॅक्सची सही. म्हणजे ते प्राणी आले कुठून, याचं उत्तर गोष्ट सुरू होताच भिंतीवर टांगलेलं आहे. वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांची नजर मजकुरावर असते, त्यामुळे त्यांच्याकडून हे बरेचदा निसटतं. ऐकणाऱ्या मुलाचे डोळे मोकळे असतात. त्याला ते सापडतं.

शब्द आणि चित्र यांनी एकच गोष्ट दोनदा सांगायची नसते, हे पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’मध्ये (1968) लख्ख दिसतं. सगळा मजकूर मिळून इंग्रजीतलं 32 शब्दांचं एकच वाक्य: रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारून घरी येते. त्यात कोल्ह्याचा उल्लेखही नाही. चित्रात मात्र कोल्हा पहिल्यापासून तिच्या मागावर आहे. एका जोडपानावर तो झेप घेतो. पान उलटलं की दाताळ्यावर पाय पडून त्याचा दांडा नाकावर बसलेला. पुढे तळं, मग गवताची गंजी, मग पिठाचं पोतं. झेप आणि फजिती यांच्या मध्ये पान उलटण्याचा जो क्षण येतो, त्यावर हे पुस्तक उभं आहे. म्हणून पान उलटण्याचा मान मुलाचा. आपण घाईने उलटलं तर त्याचा श्वास रोखून धरण्याचा आनंद आपण हिरावून घेतो.

चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात, ती छपाईच्या हिशोबामुळे: सोळा पानांचे दोन फर्मे. त्या मोजक्या पानांत कुठे थांबायचं, कुठे उसळायचं, हे चित्रकार आधी छोट्या कच्च्या रेखाटनांतून ठरवतो. रंग नंतर येतात.

रंग कशाने भरायचे, हासुद्धा गोष्टीचाच भाग असतो. ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’साठी (1969) एरिक कार्ल यांनी पातळ टिश्यू कागद आधी स्वतः रंगवले, मग कापून चिकटवले. त्यामुळे त्या सुरवंटाच्या अंगावर ब्रशचे फराटे दिसतात आणि बोट फिरवावंसं वाटतं. फळांची पानं एकापेक्षा एक रुंद, आणि फळाफळात भोक. हे काम परवडेल असा छापखाना अमेरिकेत मिळेना, तेव्हा पुस्तक जपानमध्ये छापून घेतलं गेलं.

आपल्याकडे चेन्नईच्या तारा बुक्सने हीच आस्था धरली. ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (2006) काळ्या कागदावर स्क्रीनप्रिंटने, हाताने छापलेलं आहे. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडं त्या काळोखात उजळून निघतात. झाडाचा आकार ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरायचा, ही त्यांची रीत. सावली नाही, जवळचं मोठं आणि लांबचं छोटं हा हिशोबही नाही. त्याच प्रकाशनाच्या ‘डू!’मध्ये वारली चित्रकारांनी क्रियापदं रेखाटली आहेत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की झाला माणूस, आणि तो लगेच पळतो, नाचतो, ओझं उचलतो. चेहऱ्यावर भाव नसताना अंगाच्या झोकातून सगळं कळतं, हे लहान मुलाला शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

अशी पुस्तकं पाहिल्यावर बाजारातल्या गुळगुळीत, एकाच साच्यातल्या संगणकी चित्रांचा मनापासून राग येतो. सगळ्यांचे डोळे तेवढेच मोठे, सगळ्यांचं हसू तेच, पानाचा कोपरान् कोपरा भडक रंगाने भरलेला. नजरेला टेकायला जागा नाही आणि शोधायला काही उरलेलं नाही.

मराठीत माधुरी पुरंदरे यांनी वेगळा रस्ता घालून दिला. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेल्या या लेखिका आपल्या गोष्टींची चित्रं स्वतः काढतात, त्यामुळे मजकुराने कुठे गप्प बसायचं हे त्यांना ठाऊक असतं. पण लिहिणारा आणि रेखाटणारा वेगळे असतील, तर दोघांना पहिल्या कच्च्या खर्ड्यापासून एकत्र बसवणं प्रकाशकाच्या हाती आहे. लेखन पूर्ण झाल्यावर उरलेल्या जागेत चित्रं मागवायची पद्धत आता बंद व्हायला हवी, आणि चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत यायला हवं.