माप भरले, पण माप केवढे?

दुकानातील काट्याची पडताळणी ठरलेल्या मुदतीत करून घ्यावी लागते. वैधमापन विभागाचा शिक्का नसलेला काटा वापरणे हा कायद्याने गुन्हा आहेच. परंतु व्यापारी घराण्यांत शिक्क्यापेक्षाही मोठी असते ती पेढीची पत. गिऱ्हाइकाच्या पदरात पडणारे माप पुरे असले पाहिजे, ही शिकवण गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला सर्वांत आधी मिळते. आज मात्र त्याच गल्ल्यावर आणखी एक माप ठेवलेले असते आणि त्याची पडताळणी सहसा कोणीच करीत नाही. ते माप म्हणजे भ्रमणध्वनीची बॅटरी.

सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात '१०० टक्के' हा आकडा दिसला की मनुष्य निश्चिंत होतो. वास्तविक तो आकडा एवढेच सांगतो की माप काठोकाठ भरले आहे. माप स्वतः केवढे उरले आहे, हे तो सांगत नाही. ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी दोन-तीन वर्षांनी झिजून ४,००० वर आली, तरी पूर्ण चार्ज झाल्यावर पडदा शंभरच दाखवितो. पायली तीच दिसते, पण तिच्यात धान्य चार शेरांऐवजी सव्वातीन शेरच मावते, असा हा प्रकार आहे. चार्जची टक्केवारी आणि बॅटरीचे आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले की पुढचे सारे सोपे होते.

उलव्यातील एक दिवस

पनवेल तालुक्यातील उलवे ही सिडकोच्या नवी मुंबईतील अलीकडच्या काळात वाढलेली वसाहत. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ रोजी तीच गाडी उरणपर्यंत पोहोचली आणि त्याच दिवशी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूने शिवडी जवळ आणली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा वसाहतीत घर एका ठिकाणी, दुकान दुसऱ्या ठिकाणी आणि माल तिसऱ्या ठिकाणी असणे हा नित्याचा क्रम असतो. सकाळी बामणडोंगरीहून निघालेला व्यापारी वाशीच्या बाजारात भाव विचारतो, मुंबईतील आडत्याशी बोलतो, मालगाडीचे ई-वे बिल पाहतो आणि दुकानातील जमा रकमेचे संदेश वाचतो. हे सारे त्या एका यंत्रावर चालते.

२०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून बँक खिशात आली. बँक खिशात आली याचा दुसरा अर्थ असा, की खिशातील यंत्र बंद पडले की बँकही बंद पडते. सायंकाळी पडद्यावर २४ टक्के दिसत असतात, व्यापारी एखादे छायाचित्र काढावयास किंवा मोठा फोन घ्यावयास जातो आणि यंत्र अकस्मात काळे पडते. समोर पुरवठादाराला द्यावयाची रक्कम असते, ओटीपी येणार असतो आणि लोकलचे कागदविरहित तिकीटही त्याच यंत्रात असते. तपासनिसाला तिकीट दाखविता आले नाही, तर बॅटरी संपल्याची सबब चालत नाही; तो प्रवास विनातिकीट ठरतो.

घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. व्यापारी कुटुंबांत वस्तू टाकून देण्याची पद्धत नसते. मुलाने चार वर्षे वापरलेला फोन आईकडे येतो, तिच्याकडून आजीकडे जातो. म्हणजे ज्यांना रात्री-अपरात्री डॉक्टरांना किंवा मुलांना बोलावण्याची गरज पडू शकते, त्यांच्याच हाती घरातील सर्वांत झिजलेली बॅटरी असते. फोन पुढे देण्यापूर्वी तिची तपासणी करणे ही म्हणूनच काटकसरीइतकीच काळजीचीही बाब आहे.

झीज कशी होते

आजच्या भ्रमणध्वनीतील लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे आयन दोन ध्रुवांमध्ये ये-जा करतात. प्रत्येक फेरीत त्यांपैकी अगदी थोडे आयन ग्रॅफाइटच्या ध्रुवावर साचणाऱ्या थरात अडकतात आणि पुन्हा कामी येत नाहीत. भांडवलातून दररोज एखादा पैसा बुडीत खात्यात जावा, तसे हे घडते. शिवाय बॅटरीचा अंतर्गत रोध वाढत जातो. त्यामुळे कॅमेरा किंवा नकाशा अशी एकदम अधिक वीज मागणारी कामे आली की दाब कोसळतो आणि शिल्लक दिसत असूनही फोन बंद पडतो.

ही झीज 'सायकल'मध्ये मोजतात. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वीज खर्च झाली की एक सायकल पूर्ण होते; चार्जर किती वेळा लावला याच्याशी तिचा संबंध नाही. ॲपल कंपनीच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ व त्याआधीच्या फोनची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० सायकलनंतर, तर आयफोन १५ मालिकेची १,००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी घडविलेली असते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथे नव्याने विक्रीस येणाऱ्या फोनसाठी ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमतेची अट घातली आहे. यावरून ८० टक्के हा या क्षेत्रातील सर्वमान्य टप्पा असल्याचे दिसते.

तपासणी कशी करावी

आयफोनवर ही सोय मार्च २०१८ मध्ये आली. जुनी बॅटरी असलेल्या फोनचा वेग आपण कमी करीत होतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. त्यानंतर जगभर असंतोष उसळला आणि बॅटरीची खरी स्थिती ग्राहकाला दाखविणे कंपनीस भाग पडले. 'सेटिंग्ज'मधील 'बॅटरी' विभागात 'बॅटरी हेल्थ' उघडल्यास 'मॅक्सिमम कपॅसिटी' या शीर्षकाखाली टक्केवारी दिसते. आयफोन १५ व त्यानंतरच्या फोनमध्ये सायकलची संख्याही मिळते.

अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक कंपनीची रीत निराळी आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये 'सॅमसंग मेंबर्स' या ॲपमधील निदान विभागात बॅटरीची चाचणी घेता येते. तेथे बॅटरीच्या स्थितीविषयी शेरा मिळतो. गुगलच्या पिक्सेल ८ए व त्यानंतरच्या फोनमध्ये अँड्रॉइड १६ पासून 'सेटिंग्ज'मध्येच बॅटरीचे आरोग्य दिसते. अन्य कंपन्यांच्या अलीकडच्या काही फोनमध्येही बॅटरी विभागात अशी नोंद सापडते. ती नसल्यास 'ॲक्युबॅटरी'सारखे ॲप चार्जिंगच्या वेळी आत गेलेल्या विजेवरून क्षमतेचा अंदाज बांधते. हा अंदाज एका दिवसात स्थिरावत नाही. पुष्कळ वेळा चार्ज केल्यानंतरच त्यावर विसंबावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही अँड्रॉइड फोनमध्ये विशिष्ट सांकेतिक क्रमांक फिरविला असता बॅटरीपुढे 'गुड' असा शब्द येतो. त्यावरून पुष्कळांचा गैरसमज होतो. तो शब्द बॅटरी त्या क्षणी फार तापलेली नाही आणि तिचा दाब मर्यादेत आहे, एवढेच सांगतो. क्षमता किती उरली हे नव्हे. जुना फोन विकत घेताना विक्रेत्याने हा शब्द दाखविला, तर तेवढ्यावर समाधान मानू नये.

ज्यांना यांतील काहीच जमत नाही, त्यांच्यासाठी वहीचा मार्ग खुला आहे. फोन पूर्ण चार्ज करावा, पडद्याचा प्रकाश ठरावीक ठेवावा, एखादे प्रवचन अथवा चलच्चित्र तासभर चालू ठेवावे आणि किती टक्के खर्च झाले ते तारखेसह लिहावे. तीन महिन्यांनी तीच कृती त्याच रीतीने पुन्हा करावी. दोन नोंदींतील अंतर झिजेचा कल दाखविते.

आकडा हाती आल्यावर

आरोग्य ९० टक्क्यांच्या वर असल्यास काहीच करण्याची गरज नाही. ८० ते ९० च्या दरम्यान असल्यास सवयी सुधाराव्यात. ८० च्या खाली गेल्यास, किंवा शिल्लक दिसत असूनही फोन वारंवार बंद पडत असल्यास बॅटरी बदलावी. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की बदलावयाची ती बॅटरी, फोन नव्हे. फोन मंद झाला म्हणून नवा घेणारे अनेक जण वास्तविक घसारा बॅटरीचा आणि खर्च संपूर्ण यंत्राचा, असा उलटा हिशेब करीत असतात. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा बहुतांश भार तो घडवितानाच पडलेला असतो. त्यामुळे चालते यंत्र आणखी दोन वर्षे वापरणे हे पैशाच्या आणि निसर्गाच्या अशा दोन्ही हिशेबांत नफ्याचेच ठरते.

बॅटरी बदलताना शक्यतो अधिकृत सेवा केंद्र गाठावे. भारतात लिथियम बॅटरीस भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवरील मानकचिन्ह व नोंदणी क्रमांक पाहावा आणि रीतसर बिल घ्यावे. फोन उघडल्यावर त्याची पाण्यापासून रक्षण करण्याची क्षमता कमी होऊ शकते, याचीही जाणीव ठेवावी. फोन दुरुस्तीस देण्यापूर्वी त्यातील माहितीची दुसरी प्रत अवश्य काढावी.

एका बाबतीत मात्र आकड्याची वाट पाहू नये. फोनची मागची बाजू फुगलेली दिसली, पडदा कडेने उचलला गेला किंवा सपाट मेजावर ठेवलेला फोन डुलू लागला, तर आतील बॅटरीत वायू साचला आहे असे समजावे. असा फोन तत्काळ बंद करावा, चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये आणि त्याच दिवशी सेवा केंद्रात न्यावा. दिवसभर चार्जरला जोडून ठेवलेल्या दुकानातील बिलिंगच्या टॅबलेटकडे या दृष्टीने विशेष लक्ष द्यावे, कारण सतत शंभर टक्क्यांवर आणि उष्ण अवस्थेत राहणारी बॅटरी लवकर बिघडते.

चार सवयी

बॅटरीचा पहिला शत्रू उष्णता होय. आयफोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावा, असे त्याची कंपनीच सांगते. पनवेलच्या उन्हाळ्यात पारा त्यापुढे जातो आणि उन्हात उभ्या मोटारीच्या आत तर कितीतरी अधिक. म्हणून मोटारीच्या काचेमागे किंवा दुचाकीच्या दांड्यावर फोन भर उन्हात ठेवू नये. उशीखाली ठेवून चार्ज करू नये. दुसरे असे, की पुष्कळ नव्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते. गल्ल्यावर कायम चार्जरजवळ राहणाऱ्या फोनसाठी ती अवश्य वापरावी. तिसरे, फोन पूर्ण संपेपर्यंत वापरूनच चार्ज करावा, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियम बॅटरीस तो अपायकारकच ठरतो. चौथे, फोन काही महिने वापरावयाचा नसल्यास तो निम्मा चार्ज करून, बंद करून थंड जागी ठेवावा.

काढलेली जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकणे सर्वथा चुकीचे. कचरागाडीत ती दबली की पेट घेऊ शकते आणि तो धोका सफाई कामगाराच्या अंगावर येतो. तिच्यातील द्रव्ये माती व पाणी दूषित करतात आणि त्यांतील असंख्य जीवांना बाधतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटरी परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरी बदलताना जुनी सेवा केंद्रातच जमा करणे हा सर्वांत सोपा आणि निर्दोष मार्ग होय.

दिवाळीला दुकानातील शिलकी मालाची मोजदाद होते, काट्यांची कागदपत्रे तपासली जातात, यंत्रांचा घसारा लिहिला जातो. त्याच वहीत एक पान घरातील आणि दुकानातील फोनसाठी राखून ठेवावे: फोन कोणाचा, कधी घेतला, बॅटरीचे आरोग्य किती. आजीच्या फोनची नोंद त्या पानावर पहिली असावी. पाच मिनिटांचे हे काम पुढील वर्षभर ऐन वेळी होणारी फजिती टाळील आणि एखाद्या रात्री घरातून आलेली हाक पलीकडे ऐकू जाईल.