चिंचवडची चौथ, चाकणचा चार

संकष्टी चतुर्थीला चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिरात रांग लागते. चौथ म्हणजे गणपतीची तिथी, शुभच! चाकणच्या कारखान्यांत जपान-कोरियाहून येणाऱ्या साहेबांच्या देशात मात्र ४ नकोसा. तिकडे चार आणि मृत्यू या शब्दांचा उच्चार सारखा. कोरियातल्या कित्येक लिफ्टमध्ये ४ च्या जागी इंग्रजी ‘एफ’ असतो. जपानी इस्पितळांत ९ क्रमांकाची खोलीही गाळतात, कारण ‘कु’ म्हणजे हालअपेष्टा.

इटलीत १७ वाईट. रोमन आकड्यांतल्या १७ ची अक्षरं फिरवली की लॅटिनमध्ये ‘मी जगलो’, म्हणजे ‘आता संपलो’, असं वाचता येतं. म्हणून ‘रेनॉ १७’ ही गाडी तिथे ‘१७७’ या नावाने विकली गेली.

आपण कुठे मागे आहोत? ‘एमएच १४’ची नवी गाडी घेताना नंबरच्या अंकांची बेरीज ८ आली की अनेकांना शनी आठवतो. चिनी लोकांना तोच ८ धनाचा. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन त्यांनी मुद्दाम ८ ऑगस्ट २००८ ला, रात्री ८ वाजता ठेवलं. आणि कारखान्यात कितीही रोबो आले, तरी घरी ताटात एकदम तीन पोळ्या वाढायच्या नाहीत!