हेडचे बोल्ट : जुनेच लावायचे की नवे घ्यायचे?

आपल्यातल्या काही गटांकडे भाड्याने द्यायचा ट्रॅक्टर आहे, काहींकडे दूध-भाजी नेणारी पिकअप आहे, तर काहींकडे डिझेल इंजिनवरची पिठाची गिरणी. इंजिन खोलायची वेळ आली की मिस्त्रीदादा हमखास विचारतात, "ताई, हेडचे बोल्ट जुनेच लावू की नवे आणू?" पैसे गटाचे असतात, म्हणून उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" असं म्हणून मोकळं होण्याआधी आज हा विषय नीट समजून घेऊ.

इंजिनचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात पिस्टन वरखाली होतो. त्यावर बसलेलं जाड झाकण म्हणजे हेड. दोघांच्या मध्ये गॅसकेट असतं. कुकरचं भांडं, झाकण आणि रिंग डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच, की डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते, आणि त्यात डिझेल पेटल्यावर झाकण उचलायला जो जोर लागतो, तो कुकरच्या वाफेपेक्षा कितीतरी मोठा. ते झाकण दाबून धरायचं काम हेडचे बोल्ट करतात.

आता गंमत ऐका. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. परकराच्या इलॅस्टिकसारखा तो परत आखडायला बघतो आणि त्या ओढीनेच हेड घट्ट बसतं. पण इलॅस्टिक फार ताणलं तर सैल पडतं ना? लोखंडाचंही तसंच. एका मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येत नाही.

हेडचे बोल्ट दोन जातींचे असतात. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये आणि गिरणीच्या साध्या इंजिनात बहुधा जाड बोल्ट किंवा स्टड आणि नट असतात. ते मर्यादेच्या आतच आवळतात, म्हणून तपासून पुन्हा वापरता येतात. नव्या गाड्यांच्या पुष्कळ इंजिनांत मात्र मुद्दाम मर्यादेपर्यंत ताणायचे बोल्ट असतात. ते आधी ठरलेल्या जोराने आवळतात आणि मग अंश मोजून फिरवतात, म्हणजे ९० अंश, पुन्हा ९० अंश असे. बहुतेक कंपन्या हे बोल्ट एकदा काढले की नवेच लावायला सांगतात. काही कंपन्या लांबीची मर्यादा देतात आणि तिच्या आत असेल तरच परत वापरू देतात. आपलं इंजिन कोणत्या जातीचं, हे त्याच्या सर्व्हिस पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यामुळे अंदाज नको, पुस्तकातलं पान बघायचं.

जुने बोल्ट चालणारे असतील तर तपासणी आपल्यासमोर करून घ्या. ती अवघड नाही. तारेच्या ब्रशने बोल्ट साफ करून सपाट फरशीवर शेजारी-शेजारी उभे करा. एकाच मापाच्या बोल्टांत एखादा उंच दिसला तर तो ताणलेला आहे. मधे कंबर बारीक झाली आहे का, गंजाने खड्डे पडले आहेत का, ते बघा. फरशीवर लोळवा, वाकडा असेल तर लगेच कळतं. नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. एकही बोल्ट नापास झाला तर पूर्ण संच बदलणं चांगलं. काही बोल्ट नवे, काही थकलेले, असं झालं तर दाब सारखा बसत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला दिसायला तसाच बोल्टही नको. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात. ते त्याच्या ताकदीचे आकडे आहेत. १०.९ च्या जागी ८.८ चालत नाही.

बोल्ट नवे असले तरी बसवणं चुकलं तर पैसे वाया. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के जोर घर्षणातच जातो. आटे गंजलेले किंवा मळके असतील तर पाना म्हणतो "आवळलं", आणि बोल्ट खरा ताणलेलाच नसतो. म्हणून आटे साफ हवेत, आणि तेल लावायचं की नाही ते पुस्तकाप्रमाणे. ब्लॉकमधल्या भोकात तेल-पाणी साचलेलं नको, कारण बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आवळायचं टॉर्क पान्याने, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने. गॅसकेट मात्र दर वेळी नवंच.

बोल्ट सैल राहिले तर काय होतं? गॅसकेट फुटतं. पाणी ऑइलमध्ये जातं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, धूर पांढरा होतो, इंजिन तापतं. मग पुन्हा हेड उतरवा, पुन्हा गॅसकेट, पुन्हा मजुरी. ऐन पेरणीत ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर त्या दिवसांचं भाडं गेलं आणि ज्या बायांनी नंबर लावला होता त्यांच्या शेताचा वाफसाही गेला. नव्या बोल्टांच्या किमतीची तुलना या सगळ्याशी करा, नुसत्या जुन्या बोल्टांशी नको.

म्हणून इंजिन खोलण्याआधी मिस्त्रीदादांना चार गोष्टी विचारा. पुस्तक काय सांगतं? टॉर्क पाना आहे का? बोल्टचा संच बिलात वेगळा लिहाल का? आणि काढलेले जुने बोल्ट परत द्याल का? चांगला कारागीर अशा प्रश्नांनी रागावत नाही. उत्तरं गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढच्या वेळी अध्यक्ष-सचिव बदलल्या तरी माहिती वहीत राहील. बिलावर सही करणाऱ्या बाईला त्यातली प्रत्येक ओळ कळलीच पाहिजे.

येत्या मासिक बैठकीत आपल्या गाडीचं पुस्तक कुणाच्या घरी आहे, एवढं आधी शोधा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.