उकिडवें बसतां येतें काय?

श्रावणांतील मंगळवारीं मंगळागौरीचे खेळ रंगांत येतात. झिम्म्यांत, साध्या फुगडींत साऱ्याजणी उतरतात. परंतु बसफुगडीची पाळी आली, म्हणजे कित्येकजणी हळूच भिंतीकडे सरतात. हा केवळ वयाचा दोष नव्हे. उकिडवें बसतां येईनासें झालें, कीं बहुधा खुबे आणि घोटे आखडलेले असतात.

आमच्या वाडवडिलांस यासाठीं निराळा व्यायाम करावा लागत नसे. गिरगांवच्या चाळींत पाटावर जेवणें, विळीवर भाजी चिरणें, मोरींत उकिडवें बसून भांडीं घासणें यांतच दिवसाच्या बैठका पुऱ्या होत. लालबाग-परळचा गिरणी कामगार तालमींत जोर-बैठका काढी, तो वेगळाच. आज जेवण टेबलावर, काम खुर्चीवर आणि शौचकूपही खुर्चीवजा!

खुब्याचा सांधा उखळींत बसविलेल्या गोळ्यासारखा असून तो सर्व दिशांस फिरावा, अशी त्याची रचना आहे. त्यास दिवसभर एकाच कोनांत डांबल्यास पुढील स्नायू आखडतात. आणि शरीरांतील सर्वांत मोठा स्नायू जो नितंबाचा, तो दुबळा होतो. उतारवयांत तोल गेला, खुब्याचें हाड मोडलें, तर अंथरुणास खिळतो एकजण, पण दुखणें साऱ्या घराचें होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ज्येष्ठांस आठवड्यांतून निदान ३ दिवस तोल व शक्ति वाढविणारा व्यायाम सांगितला आहे, तो याचसाठीं.

नवशिक्यानें आधाराची बैठक काढावी. दाराची भक्कम चौकट दोन्ही हातांनीं धरावी. पाय खांद्यांइतके फांकवावेत व चवडे किंचित् बाहेर वळवावेत. मग खुर्चीवर टेकावयाचें आहे अशा बेतानें कंबर मागें नेत सावकाश खालीं जावें. गुडघे चवड्यांच्याच दिशेनें राहावेत. टांचा उचलूं नयेत. टांचा टेकतच नसतील, तर त्यांखालीं चादरीची घडी ठेवावी. दुखण्याच्या अलीकडेच थांबावें, ५ अंक मोजावेत, श्वास कोंडूं नये, आणि टांचांवर जोर देऊन उठावें. आरंभीं ५ बैठका पुरेत; आठवड्या-आठवड्यानें एक-दोन वाढवाव्या. वृद्धांनीं भिंतीस टेकविलेल्या उंच खुर्चीवरून शक्यतों हात न टेकतां उठणें-बसणें, एवढेंच करावें. सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनीं व हाडें ठिसूळ असलेल्यांनीं प्रथम डॉक्टरांस विचारावें.

यास ना साधन लागतें, ना वर्गणी. दिवेलागणीस आजीपासून नातवापर्यंत सर्वांनीं आळीपाळीनें त्याच चौकटीपाशीं उभें राहावें, अशी आमची सूचना आहे. मुलांस ही बैठक सहज साधते, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं त्यांजकडून शिकण्यास संकोच करूं नये. पुढील मंगळागौरीस भिंतीकडे सरणाऱ्यांपैकीं एक जरी बसफुगडीस पुढें आली, तरी आमचें लिहिणें सार्थकीं लागलें, असें आम्ही समजूं.