पाच माशांचा वंश

बेळगावच्या मासळी बाजारात कारवार-गोव्याकडच्या बांगड्या-तारल्यांच्या शेजारी एका टोपलीत करड्या रंगाचा, जाड खवल्यांचा, पाठीवर काटेरी पर असलेला एक मासा बऱ्याचदा दिसतो. मराठी गिऱ्हाईक त्याला ‘चिलापी’ म्हणते, कानडी गिऱ्हाईक ‘जिलेबी’. दोन्ही शब्द ‘तिलापिया’ या नावाचेच अपभ्रंश. प्राणिशास्त्राच्या तासाला हा मासा टेबलावर ठेवून मी विचारतो, की हा मूळचा कोठला? उत्तरादाखल कोणत्या तरी धरणाचे नाव येते. वस्तुतः याचे शास्त्रीय वर्णन पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ साली मोझांबिकमधील नमुन्यांवरून केले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या नद्या हे त्याचे माहेर.

मग तो आशियात आला कसा? जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्लितार शहराच्या दक्षिणेस, सेरांग नदीच्या मुखाशी वाळूच्या बांधाने समुद्रापासून तुटलेले एक मचूळ पाण्याचे सरोवर आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला खाजण म्हणतो तसे. १९३९ च्या सुमारास तेथे मुजाईर नावाच्या ग्रामस्थाला कधीही न पाहिलेले मासे सापडले. पाच मासे, तीन नर आणि दोन माद्या. त्याने ते मारून खाल्ले नाहीत, घरी नेऊन पाळले. हिंदी महासागर पोहून ते आलेले नव्हते, एवढे निश्चित. कोणाच्या तरी हातूनच ते तेथे पोचले असावेत. कोणाच्या, हे मात्र आजतागायत कोणालाच उलगडलेले नाही. इंडोनेशियात या माशाला आजही ‘मुजाईर’ म्हणतात. शास्त्रज्ञांच्या नावाचे मासे पुष्कळ आहेत. गावकऱ्याच्या नावाचा मासा मला तरी दुसरा माहीत नाही.

पाच माशांतून वंश वाढावा याचे रहस्य त्याच्या शरीरधर्मात आहे. गोड्या पाण्यापासून थेट समुद्राच्या पाण्यापर्यंतचा खारटपणा त्याला सोसतो, खाऱ्या पाण्यात त्याची वीणही होते. त्यामुळे पावसाळ्यात गोडे आणि उन्हाळ्यात खारे होणारे सरोवर, जेथे दुसऱ्या माशांचे हाल होतात, ते याला मानवते. नर तळाच्या चिखलात बशीसारखा खड्डा करतो. मादी तेथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. अंडी फुटून पिल्ले स्वतंत्र पोहू लागेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, ती जवळजवळ उपाशीच असते. धोका दिसला की बाहेर आलेली पिल्ले पुन्हा आईच्या तोंडात! आपली रोहू-कटला लाखांनी अंडी घालतात आणि बहुतेक गमावतात. ही थोडीच घालते, पण राखते. त्यात दोन-तीन महिन्यांत वयात येणे आणि वर्षातून अनेकदा विणे. पोसणाऱ्याला आणखी काय हवे?

दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमलाखाली हा मासा जावातून आग्नेय आशियात पसरला. भारतात तो १९५२ साली मद्रासकडे आणला गेला. हेतू चांगलाच होता. देश अन्नटंचाईतून जात होता आणि डबक्यातही वाढणारे स्वस्त प्रथिन कोणाला नको होते? परंतु तळी याच्या पिल्लांनी भरली. दाटी झाली की हा वाढायचे सोडून वितभराहून लहान असतानाच विऊ लागतो, म्हणजे मासे उदंड आणि वजन नाही. १९५९ मध्ये भारतीय मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारास मनाई केली. तोवर तो जाळ्याबाहेर गेलेला होता. राजस्थानातील जयसमंद तलावात तो शिरल्यानंतर रोहू-कटल्यांचे सरासरी वजन घटले. उजनी जलाशयात आज चिलापीवर कित्येक मच्छीमारांची चूल पेटते, आणि तेच मच्छीमार जुन्या जातींचे मासे दिसेनासे झाल्याचे सांगतात. त्यांना ‘हा मासा वाईट’ असे सांगायला मी धजणार नाही. मात्र नव्या तळ्यात तो मुद्दाम सोडणाऱ्याला जरूर अडवीन.

या वंशात आणखी एक वैगुण्य आहे. आशियातील बहुतेक मोझांबिक चिलापी त्या मूठभर पूर्वजांचीच संतती, म्हणून तिच्यात आनुवंशिक विविधता फार तोकडी. पुढे शेततळ्यांसाठी नाईल नदीकडील दुसरी, मोठी होणारी जात पसंत पडली. तिचेही आशियातले वाण खुरटलेले निघाले, तेव्हा १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालेल्या सुधारणा-प्रकल्पासाठी इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल येथून ताजे रानटी मासे आणावे लागले. ही नाईलची जात आता आफ्रिकेच्या दक्षिणेकडील लिंपोपो नदीतही जाऊन पोचली आहे. तेथे तिचा मोझांबिकच्या जातीशी संकर होतो आणि शुद्ध मोझांबिक चिलापी तिच्या माहेरीच दुर्मीळ होत चालली आहे.