गाडी ओढते, पण थांबते का?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सुरतेच्या लिंबायत किंवा डिंडोलीच्या गल्लीत नवाकोरा टेम्पो येतो. पुढच्या काचेखाली कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आरशाला झेंडूची माळ. शेजारपाजारचे पेढ्यासाठी जमलेले असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी माणसं या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आधी लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये पाळ्या करायच्या, चार पैसे गाठीला बांधायचे आणि मग कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यायची, ही इथल्या अनेक घरांची वाट. सकाळी मात्र हप्त्याची तारीख आठवते आणि पेढ्याची चव जिभेवर असतानाच गाडी पहिल्या भाड्याला निघते.

छोट्या चारचाकी टेम्पोचं हे सगळं अर्थकारण टाटा मोटर्सच्या ‘एस’नं उभं केलं. २००५ साली दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि पाऊण टन वजन नेण्याची क्षमता घेऊन ती आली आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून गल्लीबोळांत रुजली. तिची नवी आवृत्ती, एस प्रो, जून २०२५ मध्ये आली, तिचीही क्षमता ७५० किलोच. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गाडी घेणं सोपं होत गेलं. ती दहा वर्षं धडधाकट टिकवणं मात्र होतं तेवढंच अवघड राहिलं, आणि माझ्या मते त्या अवघडपणाचं मूळ एकाच गोष्टीत आहे: वजनात.

सुरतेचा माल फसवा आहे. सचिन, पांडेसरा भागातल्या लूमवरून ग्रेचे, म्हणजे न रंगवलेल्या कापडाचे, ताके निघतात, मिलमध्ये जाऊन रंगून-छापून रिंगरोडच्या मार्केटांत येतात, तिथून पार्सलं बांधून ट्रान्सपोर्टच्या गोडाउनला जातात. या प्रत्येक टप्प्यावर टेम्पो लागतो, आणि बहुतेक ठिकाणी माल मोजला जातो तो मीटरमध्ये, नगांत किंवा पार्सलांत. किलोत क्वचितच. सिमेंटची गोणी पन्नास किलोची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, साडीच्या पार्सलाचं वजन कोण विचारतो? एक साडी साधारण अर्धा किलोची धरा. शंभर साड्यांचं पार्सल झालं पन्नास किलोचं. अशी पंधरा पार्सलं म्हणजे पाऊण टन, आणि हौद्यात जागा तर अजून शिल्लक दिसते. मग ‘अजून पाच टाक ना भाऊ’ सुरू होतं.

आरसी बुक काढून बघा. त्यात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. समजा ते ८०० आणि १५५० आहेत. फरक ७५० किलो. पण त्या फरकात चालकही बसतो, हमालही बसतो, ताडपत्री, दोर, पाण्याचा कॅन सगळं बसतं. दोन माणसं आणि बाकीचा पसारा दीडशे किलोचा धरला तर मालासाठी उरतात सहाशे. पंधरा नव्हे, बारा पार्सलं. हे गणित शोरूममध्ये कोणी समजावून सांगत नाही.

उधन्यातल्या एका गॅरेजमध्ये ऐकलेला संवाद अजून कानात आहे. तरुण मालक म्हणत होता, ‘‘काका, हजार किलो टाकले तरी गाडी ओढते हो.’’ मिस्त्रीकाका मागच्या पाट्यांखाली आडवे झालेले. तिथूनच म्हणाले, ‘‘ओढते रे बाबा. थांबते का?’’

खरी मेख तीच आहे. जादा वजनानं मागच्या पाट्या बसतात आणि गाडीचं नाक वर उचललं जातं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं, चालकाला वाटतं मजा आहे. प्रत्यक्षात वळताना आणि ब्रेक मारताना पुढच्या टायरची पकड सुटत असते. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात. चालत्या गाडीतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट केला की ब्रेकला चौपट काम. ते काम उष्णतेच्या रूपानं ड्रम आणि डिस्कमध्ये साठतं. टायर दबून दबून आतून तापतो. क्लचप्लेट लवकर झिजते आणि लोक दोष देतात ते कंपनीला.

नव्या गाडीचे पहिले हजार-दीड हजार किलोमीटर तर विशेष जपायचे. पिस्टनच्या रिंगा, गिअरचे दात, ब्रेकचे लायनर हे सगळं या काळात एकमेकांशी जुळून घेतं. गाडी सतत एकाच वेगात रेटू नये, ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरू नये, पूर्ण भार भरू नये. पहिली सर्व्हिस मोफत असते म्हणून ‘जाऊ निवांत’ असं करू नये, ती पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला, जे आधी येईल तेव्हा करायची. नाहीतर वॉरंटीचा दावा करताना नसता वाद होतो. सर्व्हिसच्या वेळी चाकांचे नट पुन्हा कसून घ्यायला सांगा. पंक्चर काढल्यानंतरही थोडं चालवून ते परत तपासावे लागतात.

रोज सकाळी पाच मिनिटं पुरतात. सपाट जागेवर, थंड इंजिनात ऑइलची पट्टी बघायची. कूलंटच्या टाकीतली पातळी बघायची आणि कमी असेल तर कूलंटच घालायचं. बोअरचं क्षारांचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं म्हणजे आतल्या बारीक नळ्या बुजवणं. टायरची हवा थंड असतानाच मोजायची. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२५’ असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नव्या गाडीलाही जुना टायर आलेला नाही ना, हे ताबा घेतानाच पाहावं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा. सुरतेत मेट्रोचं काम चालू असल्यानं धूळ भरपूर, तेव्हा एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा लवकर उघडून बघणं शहाणपणाचं. आणि ते गोंडे, झालरी, रंगीत पट्ट्या? आरसा आणि मागचा दिवा झाकत नसतील तर खुशाल लावा.

हौसेचे जादा हॉर्न आणि दिवे मात्र मला भीतिदायक वाटतात. वायर सोलून, फ्यूज टाळून दिलेलं कनेक्शन तापतं, आणि सुरतेत बरीचशी नवी वाहनं सीएनजीवरची. सीएनजीच्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळपास शंभर पट. टाकी त्यासाठीच बनवलेली असते, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून तिच्या ब्रॅकेटला टाका मारून घ्यायचा नाही. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट करावी लागते, तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते. गॅस भरताना इंजिन बंद आणि माणसं खाली. वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता इंजिन बंद करायचं, सिलिंडरचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लांब व्हायचं. हा गॅस हवेपेक्षा हलका असल्यानं मोकळ्यावर वर निघून जातो, बंद गोडाउनमध्ये छताशी साठतो. बॅटरीवरची गाडी घेतलेल्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात आणि त्यांना फक्त प्रशिक्षित माणसानंच हात लावायचा.

पावसाळ्यात सुरतेची दुसरी परीक्षा असते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला महापूर आला आणि बहुतेक शहर बुडालं, ते जुन्या लोकांना विसरता येत नाही. पण एवढा पूर लागतच नाही. मिठी खाडी भरली की लिंबायतेत पाणी शिरतं. पाण्यात बुडालेली गाडी दुसऱ्या दिवशी वरून कोरडी दिसते आणि मालक घाईनं चावी फिरवतो. तिथेच घात होतो. हवेच्या मार्गातून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनाचा खुर्दा होतो. अशा गाडीची चावी फिरवायचीच नाही. बॅटरीची वायर काढायची, फोटो काढून विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी ओढून न्यायची. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल यांतलं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, सगळं बदलायचं. गुडघाभर पाण्यातून यावंच लागलं तर बाहेर आल्यावर हलके हलके ब्रेक दाबत थोडं अंतर जायचं, म्हणजे लायनर सुकतात.

आता घाट. सुरतेतल्या खानदेशी माणसाची गाडी वर्षातून एकदा तरी गावी जातेच. सोनगडवरून नवापूर, जिथल्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, मग विसरवाडी आणि पुढे कोंडाईबारीचा घाट, साक्री, धुळं. कोंडाईबारी उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची खोड जुन्या चालकांनी नव्यांना शिकवली आहे. ती आता निरुपयोगी आहे, घातक तर पहिल्यापासूनच होती. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. इंजिन बंद करून उतरणारा तर आणखी शूर. त्याला दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकची व्हॅक्यूमची मदत संपल्याचं कळतं, तोवर पेडल दगडासारखं झालेलं असतं.

नियम सोपा: ज्या गिअरमध्ये हा घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, नेटानं दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागलं तर बाजूला थांबून अर्धा तास चहा प्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालेलं ऑइल तापल्यावर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय नुसता आत जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, मग ते कितीही स्वच्छ दिसो. आणि सप्तशृंगीला किंवा लग्नाला जाताना हौद्यात माणसं भरायची नाहीत. तिथे पट्टा नाही, छत नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळवायला कोर्टाचे उंबरे झिजवावे लागतात.

कागदांचं थोडक्यात सांगतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. विमा आणि पीयूसी लागतंच.

झोपेचा कायदा मात्र कोणी केला नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. पण स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेल्या माणसाला तो थांबवत नव्हता. दिवाळीआधीच्या हंगामात दिवसभर मार्केट आणि रात्री गावाकडचं भाडं, असं लागोपाठ करणारे अनेक आहेत. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान डोळा लागतो तेव्हा चांगला ब्रेकही कामाचा नसतो.

शेवटी एक विनंती, आणि ती टेम्पोवाल्यांना नाही. रिंगरोडच्या मार्केटांत माल देणाऱ्या शेठलोकांनी चलनावर मीटरबरोबर किलोही लिहावेत, आणि वजन जास्त असेल तर दोन खेपांचं भाडं द्यावं. मोटार वाहन कायद्याच्या १९४व्या कलमात जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि तो फक्त गाडी चालवणाऱ्याला नाही. तशी गाडी चालवायला लावणाराही त्यात येतो.